काकांचे दोन मंगळवार

मी भूगोल शिकवत असे. रत्नागिरीतल्या एका शाळेत आठवी-नववीच्या मुलींना अक्षांश, रेखांश, वारे, भरती-ओहोटी हे सगळं मी कित्येक वर्षं शिकवलं, आणि आंतरराष्ट्रीय वाररेषेवरचा दोन मार्कांचा प्रश्न कुणी चुकलं तर मला ते अजिबात खपत नसे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जो घोळ झाला त्यातला मोठा वाटा माझाच आहे.

आम्ही भाट्याला राहत होतो. घरात बाबा, काकी आणि मी. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. माझं लग्न व्हायचं राहिलं होतं, आणि एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावर त्याबद्दल बोलणंही लोकांनी सोडून दिलं होतं, त्यामुळे घरात शांतता होती. बाबांची मासेमारीची होडी होती. काकी म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, माहेर बुरोंडीचं. या घरात लग्न होऊन आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि विधवा झाली तेव्हा अठराची. काका दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत बोटीवर वारले. कधी वारले, कुठे वारले, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

पितृपक्षातल्या श्राद्धाला आमच्याकडे म्हाळ म्हणतात. ज्याची तिथी ठाऊक आहे त्याचा म्हाळ त्या तिथीला घालायचा, ज्याची ठाऊक नाही त्याचा सर्वपित्री अमावास्येला, बाकीच्या सगळ्यांबरोबर. चाळीस वर्षं काकांचं पान असं अमावास्येलाच वाढलं जात होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

एका वर्षी अमावास्येला जेवणं आटोपल्यावर काकी मागल्या दारी पातेली घासत होती आणि मी पाणी ओतत होते. ती हात न थांबवता म्हणाली, “बाय, ह्या गर्दीत त्यांना पान गावत असंल काय गो?”

ती कुणाबद्दल बोलते आहे हे मला आधी कळलंच नाही. काकी काकांचा विषय काढत नसे. मी विचारलं, “कुणाला?”

“ते बोटीवर भंडारी व्हते,” ती म्हणाली. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. “सगळ्यांना वाढून झाल्याबिगर कधी जेवले नायत. आमच्या लग्नात सुद्धा शेवटच्या पंगतीला बसले, वरान संपल्यावर. आता अमावशेला तिथं येवडी मानसां. ते काय पुढं व्हनार हायत? बसले असतील कुठंतरी मागं.”

मी हसले. तिने मान वर केली तेव्हा दिसलं की ती गंमत करत नव्हती. तिला काकांचा वेगळा दिवस हवा होता, ज्या दिवशी फक्त त्यांचंच पान असेल. चाळीस वर्षं ती दर अमावास्येला हाच विचार करत पातेली घासत होती की काय, या कल्पनेने माझा जीव कासावीस झाला. आणि जीव कासावीस झाला की मी नेहमी करते तेच केलं. हुशारी दाखवली.

“त्यात काय मोठंसं?” मी म्हटलं. “बोटींच्या सगळ्या नोंदी असतात. मी काढून देते तिथी.”

कपाटातून वही काढून द्यावी तसं मी ते बोलून गेले.

काकीकडे काकांचे म्हणून दोनच कागद होते. एक मुंबईच्या बोटकचेरीतून आलेलं इंग्रजी पत्र, तीन ओळींचं. आपला माणूस अमुक बोटीवर तापाने वारला, त्याला रीतीप्रमाणे समुद्रात सोडलं, लढाई चालू असल्यामुळे दिवस आणि जागा कळवता येत नाही. दुसरं पत्र काकांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. त्यात घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली होती आणि मग एक वाक्य होतं, की ह्या बोटीवर वरती विमानं आहेत आणि खाली आम्ही भात शिजवतो.

या वाक्याने आमच्या घरात दोन पिढ्या गोंधळ घातला होता. काका मालवाहू बोटीवर चाकरीला गेले होते, मग विमानं कुठून आली? काकीच्या डोळ्यांसमोर म्हणे पंख असलेली बोट यायची. बाबांना वाटायचं, वरती म्हणजे आकाशात, शत्रूची विमानं असणार. मी लहानपणी दोघांचंही खरं मानलं होतं, आणि मोठेपणी त्याचा विचार करणंच सोडून दिलं होतं.

मी टिंडलचाचांकडे गेले. टिंडल म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. हे चाचा उभी हयात परदेशी बोटींवर काढून रत्नागिरीत परत आले होते आणि संध्याकाळी शाळेसमोरच्या दुकानाच्या बाकावर बसलेले असत. मी त्यांना पत्रावरचं बोटीचं नाव वाचून दाखवलं. ते म्हणाले, हे नाव कधी ऐकलेलं नाही.

“पन इलायतेला लिव,” ते म्हणाले. “बोट मोडली तरी तिचं लॉगबुक कोन मोडीत नाय. ते इंग्रज पावट्याची शेंग सुद्धा लिवून ठेवतात.”

त्यांच्या मुंबईतल्या जावयाने विलायतेतल्या एका कचेरीचा पत्ता मिळवून दिला. मी दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या टाइपरायटरवर पत्र केलं. उत्तर येईल असं मला मनातून वाटत नव्हतं. पण काकीला मी शब्द देऊन बसले होते, आणि पोस्टमन भाट्याचा पूल ओलांडून येताना दिसला की ती हातातलं काम टाकून पुढच्या दारी यायची. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. शिमगा झाला. ती विचारायची नाही, नुसती दारात उभी राहायची, आणि मला तिचा राग यायचा. खरं तर तो माझा मलाच आलेला राग होता.

मे महिन्यात लिफाफा आला. आत दोन टाइप केलेले कागद आणि वर त्या बोटीचं नाव. मी ओटीवर बसून मोठ्याने वाचत होते आणि वाक्यागणिक माझा आवाज खाली येत होता, कारण मला काही समजत नव्हतं. पहिल्या परिच्छेदात एका मालवाहू बोटीचा सांगाडा अमेरिकेतल्या गोदीत उभा राहिला, त्याचं नाव वेगळंच. दुसऱ्या परिच्छेदापासून आपलं नाव. शेवटच्या परिच्छेदात पुन्हा तिसरंच नाव, आणि ती बोट लाकूड आणि लोकर वाहते आहे. मला वाटलं, कारकुनाने तीन बोटींचे कागद एकत्र टाचले.

बाबा म्हणाले, “तीन बोटींतल्या खयच्या बोटीवर दादा व्हता?”

“मला काय माहीत?” मी खेकसले.

चाचांनी ते सोडवलं. मी बाकावर त्यांच्या शेजारी बसून सगळं मराठीत सांगितलं आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले की बोट एकच. लढाईत बोटी कमी पडल्या तेव्हा मालाच्या बोटीवर सपाट छप्पर ठोकलं, वर विमानं चढवली आणि दुसरं नाव दिलं. लढाई संपल्यावर छप्पर कापून काढलं, पुन्हा मालाची बोट केली आणि तिसरं नाव दिलं. अशा एका बोटीवर त्यांनी स्वतः दोन वर्षं काम केलं होतं. “वरनं मालाची. खाली उतरलां की कळायचां. नको तिथं पाइप, नको तिथं दरवाजे. भिताडामागं केवडी खोली, तिचं काय काम व्हतां ते कुनालाच ठाव नाय.”

मग मी कागद पुन्हा वाचले आणि या वेळी ते उलगडत गेले. व्यापारी बोटींच्या ताफ्याची राखण करणारी ती लहान विमानवाहू नौका होती. तिच्यावर आरमारातले गोरे होते तसे व्यापारी बोटींवरून उचललेले लोकही होते, यंत्रघरात आणि भटारखान्यात. आधी ती अटलांटिकमध्ये ताफ्यांच्या मागे-पुढे फिरली, तिच्यावरची विमानं उडून पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायची. मग ती हिंदी महासागरात आली. मुंबईला तिने माणसं आणि सामान घेतलं आणि कोलंबोकडे निघाली. तिथून ऑस्ट्रेलियाच्या बाजूला गेली, आणि तिथून नवी विमानं आणण्यासाठी पॅसिफिक ओलांडून अमेरिकेकडे.

काका मुंबईलाच चढले असणार. म्हणजे कोलंबोला जाताना ती बोट आमच्याच समोरून, क्षितिजापलीकडून गेली. काकी तेव्हा याच घरात होती. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “कुठल्या वक्ताला?” ते कागदात नव्हतं.

ती बोट कशी होती ते मी तिला पाटीवर काढून दाखवलं. वरचं छप्पर खळ्यासारखं सपाट, त्याच्या कडेला चिमुकला मनोरा. ती बराच वेळ पाहत होती. छप्पर कापून काढल्यावर बोट पुढे कित्येक वर्षं चालली आणि शेवटी कुठल्यातरी पूर्वेकडच्या बंदरात मोडली, हे ऐकून मात्र तिचा चेहरा उतरला. “म्हंजे ते गेल्यावर ती लाकडां वाहत फिरली,” ती म्हणाली. बोटीने निदान काही दिवस तरी थांबायला हवं होतं असं तिला वाटत असावं.

आणि दुसऱ्या कागदावर, एका तक्त्यात, आम्हाला हवी असलेली ओळ होती. हिंदी स्वयंपाकी, ताप, मृत्यू मंगळवार. समुद्रात दफन, मंगळवार. पुढे तारीख.

बाबा ती तारीख घेऊन भटजींकडे गेले. भटजींच्या वडिलांनी आयुष्यात एकही पंचांग टाकलं नव्हतं, सगळी सुतळीने बांधून माळ्यावर होती. त्यातून ते वर्ष निघालं, महिना निघाला. त्या मंगळवारी दशमी होती.

काकीला इतकं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं. आनंद हा शब्द इथे बरा दिसत नाही, पण दुसरा सुचत नाही. ती एसटीने बुरोंडीला जाऊन भावाला सांगून आली. शेजारणींना सांगितलं. पितृपक्षाला अजून तीन-चार महिने होते, तरी दशमीच्या पानाला काय करायचं ते ठरवायला लागली. वडे, खीर, काळ्या वाटाण्यांची आमटी, भोपळ्याची भाजी, अळू. “वडे जास्ती करूया,” ती म्हणायची, “त्यांना वडे लागतात.” चाळीस वर्षांनी ती ‘लागतात’ म्हणत होती. आणि मी, काय सांगू, शाळेत जाताना ताठ मानेने पूल ओलांडत होते. मुलींना सांगितलं, भूगोल कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

ते कागद मी फाइलला लावायला घेतले तेव्हा जून संपत आला होता. दुसऱ्या कागदाच्या अगदी तळाला, टाचणीच्या गंजाखाली, बारीक अक्षरात एक टीप होती. त्या मंगळवारासमोर चांदणीची खूण होती आणि ती मला एवढे दिवस धूळ वाटली होती. टिपेत लिहिलं होतं, नौकेने पूर्वेकडे जाताना वाररेषा ओलांडली, दिवस पुन्हा धरण्यात आला.

पूर्वेकडे जाताना वाररेषा ओलांडल्यास तोच वार पुन्हा मोजावा. हे वाक्य मी किती फळ्यांवर लिहिलं असेल याचा हिशेब नाही. बोटीवर दोन मंगळवार झाले होते, एकामागून एक, एकाच तारखेचे. काका मंगळवारी वारले आणि मंगळवारी त्यांना समुद्रात सोडलं. कुठल्या मंगळवारी? पहिल्या, की दुसऱ्या? की पहिल्या मंगळवारी वारले आणि दुसऱ्या मंगळवारी सोडलं?

चार दिवस मी गप्प राहिले. गप्प राहूनच टाकावं असंही मनात आलं, ते लपवत नाही. दशमीने सगळे सुखी होते, टीप मी एकटीने वाचली होती आणि कागद गंजाने तिथेच फाटणार होता. पण काकी पुन्हा वड्यांचं बोलली आणि मला ते ऐकवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवार होता, मी स्वयंपाकघरात सोललेला नारळ घेतला, त्यावर खडूने उभ्या रेघा ओढल्या आणि तिला समोर बसवलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजे मंगळवार संपला आनि परत मंगळवारच?”

“होय.”

“ह्यां कुनी ठरवलां?”

“सगळ्या देशांनी मिळून.”

ती नारळाकडे बघत राहिली. “आनि चांद? चांद पन दोनदा?”

“चंद्र कसा दोनदा येईल?” मी म्हटलं. “चंद्र पुढेच जाणार.”

“मग पानी पन पुढं गेलां,” काकी म्हणाली. “मंगळवार कितीदा पन करा. दशमीचां पानी येगळां, एकादशीचां येगळां.”

होडीच्या घरात आयुष्य गेलेली ती बाई, भरतीचं पाणी तिथीवर मोजणारी. मला पुस्तकातला वार दिसत होता आणि तिला वरचा चंद्र. मी पुन्हा नारळ फिरवला, वेळेचा फरक बोटांवर मोजला, चुकला, पुन्हा मोजला. बोटीवरचा पहिला मंगळवार म्हणजे आमचा रत्नागिरीचा मंगळवार, थोडा आधी सुरू झालेला. दुसरा मंगळवार म्हणजे आमचा जवळजवळ बुधवार. पहिला धरला तर दशमी. दुसरा धरला तर एकादशी. काकीचं बरोबर होतं.

मी विलायतेला दुसरं पत्र पाठवलं. या वेळी उत्तर लवकर आलं, श्रावणातच, आणि अगदी सभ्य होतं. त्या दिवसांची बोटीवरच्या डॉक्टरची वही उपलब्ध नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत. ती रेषा ओलांडताना नेमकं काय होतं ते तरी कळावं म्हणून मी चाचांकडे गेले. त्यांनी ती चार वेळा ओलांडली होती.

“काय व्हनार?” ते म्हणाले. “दर्यावर रेघ थोडीच मारलेली हाय? सकाळी उठल्यावर सारंग, टिंडलच्या वरचा मुकादम, सांगतो, आज परत मंगळवार. एवडांच. भंडारी तेवडा कुरकुरतो, कालचांच जेवान परत करायला लागतां म्हनून.”

शेवटी भटजींना घरी बोलावलं. ओटीवर ते, बाबा आणि मी, दाराला टेकून काकी. भटजींनी सगळं दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा मला नारळ आणायला लावला, आणि मग तो बाजूला सारून म्हणाले, “दशमी धरा.”

कारण साधं होतं. एकादशीला अन्नाचं पान नाही. भाताचा पिंड नाही, वडे नाहीत, खीर नाही. पान मांडायचंच तर फराळाचं, वरी आणि साबुदाणा. जिथे संशय आहे तिथे सोयीचं धरलं तर काही बिघडत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाबांनाही ते पटलं. “वयनी, दशमीच धरूया,” ते म्हणाले. “दादाला वडे मिळतील.”

मीही दशमीच म्हटलं. माझ्या चुकीवर त्याने पडदा पडला असता. आधी जे सांगितलं तेच खरं ठरलं असतं. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं, पण तसंच होतं.

भटजींनी वहीत लिहायला पेन काढलं तेव्हा काकी म्हणाली, “दुसरा मंगळवार धरा.”

भटजींना वाटलं तिला समजलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, दुसरा म्हणजे एकादशी, म्हणजे उपासाचं पान. स्वयंपाक्याला साबुदाणा वाढणार का?

“वाढीन,” काकी म्हणाली. “पन पहिल्या मंगळवारी गेले असां धरलां तर त्यांना तो जादाचा दिवस नाय मिळत. बोटीवरच्या सगळ्यांना एक दिवस जास्ती मिळाला. मग ह्यांचाच का कापायचा?”

“अगो वयनी, पन दादा आजारी व्हता,” बाबा म्हणाले. “एक दिवस इकडं की तिकडं.”

“भावोजी, लग्न झाल्यापासून ते गेले तोवर ते घरात अडीच महिने व्हते. माला एक दिवस थोडा नाय.”

बाबांनी खाली पाहिलं. भटजींनी एकादशी लिहिली.

मला ते पटलं नव्हतं, हे खरं सांगते. त्या रात्री आणि पुढचे कित्येक दिवस मी त्याचा विचार करत राहिले आणि दर वेळी वेगळ्या जागी पोचले. काका कधी वारले ते वारले. आपण वहीत काय लिहितो त्याने समुद्रावरच्या एका मेलेल्या माणसाला दिवस कसा मिळेल? आणि मिळत नसेल, तर मग साबुदाण्याच्या पानाने तरी काय मिळतं, आणि वड्यांच्या पानाने तरी काय मिळत होतं? मी शिक्षिका होते. मला प्रश्नाला एक उत्तर लागतं. काकी मात्र तिथी ठरल्यापासून निवांत होती. वरीचे तांदूळ निवडून ठेवले, शेंगदाणे भाजले. इतक्या महिन्यांचा वड्यांचा बेत तिने दोन मिनिटांत सोडला होता आणि तिला त्याचं काही वाटत असल्याचं दिसत नव्हतं.

पितृपक्ष लागला. दशमीला शाळा अर्धा दिवस होती. मी दुपारी बारा-साडेबाराला घरी आले तर आवारातच बांगड्याच्या साराचा वास आला, तिरफळं घातलेला. मला आधी वाटलं, शेजारी. आमच्याकडे पितृपक्षाचे पंधरा दिवस चुलीवर मासे चढत नाहीत. बाबासुद्धा समुद्रावरून आले की मासे बाहेरच्या बाहेर देऊन टाकत. ते ओटीवर जाळ्याची गाठ सोडवत बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते गाठीकडेच पाहत राहिले. मासे त्यांनीच आणून दिले होते, हे मला तेवढ्यावरून कळलं.

स्वयंपाकघरात काकी चुलीपाशी होती. डोकीवरचा पदर नीट घेतलेला, कपाळावर घाम. माजघरात पाट मांडला होता, समोर केळीचं पान. त्यावर भात, तळलेली तुकडी, वाटीत सोलकढी. उजव्या हाताला पाण्याचा तांब्या आणि भांडं. म्हाळाचं पान आम्ही मागल्या दारी कावळ्यासाठी ठेवतो. हे घरात होतं, आणि माणूस हात-पाय धुऊन येऊन बसेल असं मांडलेलं होतं.

माझं डोकंच चालेना. मला वाटलं, तिचा दिवसांचा घोळ झाला, माझ्या त्या नारळामुळेच झाला. मी म्हटलं, “काकी, अगं आज दशमी आहे, बोटीवरचा पहिला मंगळवार. म्हाळ उद्या आहे. आणि पितृपक्षात मासे कसे केलेस?”

“माला ठाव हाय म्हाळ उद्या हाय ते,” ती म्हणाली.

“मग हे पान कुणाचं?”

“त्यांचां.”

“पण आज कसं?”

तिने चुलीवरचं पातेलं फडक्याने धरून उतरवलं, माजघरात आणलं आणि पाटासमोर बसली.

“आज ते हायत,” ती म्हणाली, आणि भातावर सार वाढलं.